विज्ञान प्रदर्शनातला ज्वालामुखी पुरे, आता रसायनावर थांबणारी गाडी आणा



पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. पण ज्यांच्या घरी आठवी ते बारावीतलं पोर आहे, जे शाळेत शिकवतात किंवा शाळेच्या समितीवर आहेत, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचावी.

थंडी पडली की आपल्याकडे शाळांची, तालुक्याची विज्ञान प्रदर्शनं सुरू होतात. मी दरवर्षी जातो. सातपूरला प्लेटिंगच्या कामात २६ वर्षं गेली, त्यामुळे गल्लीत मी "केमिकलवाले काका" आहे, आणि त्याच ओळखीवर दोनदा परीक्षक म्हणूनही बसलोय. टेबलावर काय असतं ते तुम्हालाही पाठ आहे. थर्माकोलचा ज्वालामुखी, ठिबकचं मॉडेल, पवनचक्की, इंजेक्शनच्या सिरिंजा जोडून केलेला जेसीबी, आणि अलीकडे "स्मार्ट सिटी". काही पोरं खरंच डोकं लावतात, त्यांना सलाम. पण निम्म्याहून जास्त मॉडेल्स बाजारातून तयार आणलेली किंवा काकांनी-मामांनी करून दिलेली असतात. पोरगं पाठ केलेलं भाषण म्हणतं. ज्वालामुखीवाल्याला मी विचारलं, "बेटा, व्हिनेगर दुप्पट घातलं तर काय होईल?" त्यानं सरांकडे बघितलं. सरांनी माझ्याकडे बघितलं.

यात पोराचा दोष नाही. ज्वालामुखी चुकूच शकत नाही ना! फेस आला की झालं. किती यायला हवा होता, किती आला, कुणी मोजत नाही. सादरीकरणाला गुण, सजावटीला गुण, बोलण्याला गुण. ज्या विषयाचा जीवच मोजमापात आहे, त्याच्या प्रदर्शनात मोजपट्टी कुठंच दिसत नाही.

म्हणून एका स्पर्धेबद्दल लिहितोय. केमिकल इंजिनिअरिंगच्या पोरांना ती माहीत असते, बाकीच्यांना सहसा नसते. तिचं नाव केम-ई-कार. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल इंजिनिअर्स या संस्थेनं १९९९ मध्ये ती राष्ट्रीय पातळीवर सुरू केली, आणि आता अमेरिकेबाहेरचे संघही उतरतात. आपल्याकडे पवईच्या आयआयटीत केमिकल विभागाचा 'अझिओट्रॉपी' नावाचा महोत्सव भरतो, त्यातही या गाड्या पळतात.

गाडी बुटाच्या खोक्याएवढी. मूळ नियमात खोक्याचं माप ४० बाय ३० बाय २० सेंटिमीटर आहे, त्यात ती मावली पाहिजे. चालायची रासायनिक क्रियेवर. दुकानातून आणलेला सेल चालत नाही, ऊर्जा पोरांनी स्वतः केलेल्या रसायनातून यायला हवी. कुणी झिंक किंवा अॅल्युमिनियमचा हवेवर चालणारा सेल बनवतं, कुणी हायड्रोजनचा फ्युएल सेल लावतं. पण खरी मेख पुढे आहे. ही शर्यत वेगाची नाहीच. गाडी ठरलेल्या रेषेवर थांबली पाहिजे. ब्रेक लावायचा नाही, रिमोट नाही, घड्याळ किंवा टायमर लावून मोटर बंद करायची नाही. थांबवायचं कामही रासायनिक क्रियेनंच करायचं. किती अंतर जायचंय आणि गाडीवर किती पाणी लादायचंय हे स्पर्धेच्या तासभर आधी कळतं. अंतर १५ ते ३० मीटरमधलं काहीही, ओझं शून्य ते ५०० मिलिलिटर पाणी. वेळ दोन मिनिटं. रेषेच्या सगळ्यात जवळ थांबेल तो जिंकला. चांगल्या संघांची गाडी रेषेपासून काही सेंटिमीटरांवर थांबते.

आता रसायन गाडी थांबवतं कसं? सगळ्यात लाडका उपाय म्हणजे आयोडिन क्लॉक. हान्स लांडोल्ट या रसायनशास्त्रज्ञानं १८८६ मध्ये दाखवलेला हा प्रयोग आहे, आणि त्याचं घरगुती रूप मेडिकलच्या दुकानातल्या सामानात होतं. एका भांड्यात टिंचर आयोडिन आणि व्हिटॅमिन सी, दुसऱ्यात हायड्रोजन पेरॉक्साइड आणि शिजवलेल्या स्टार्चचं पाणी. दोन्ही एकत्र केली की काहीच होत नाही. पाण्यासारखं स्वच्छ. पेरॉक्साइड आयोडिन मोकळं करत असतं, आणि व्हिटॅमिन सी ते लगेच परत गिळत असतं. व्हिटॅमिन सी संपलं, की त्या क्षणी सगळं द्रावण एकदम गडद निळं. हळूहळू नाही, पापणी लवायच्या आत. भांड्याच्या एका बाजूला छोटा दिवा, दुसऱ्या बाजूला उजेड ओळखणारा एलडीआर लावा. निळं झालं, उजेड अडला, मोटर बंद. व्हिटॅमिन सी जास्त घाला, गाडी लांब जाते. कमी घाला, अलीकडे थांबते. म्हणजे गाडी किती जाणार हे त्या चिमूटभर पावडरवर ठरतं.

आमच्या गल्लीतली एक पोरगी केमिकलच्या तिसऱ्या वर्षाला असताना तिच्या संघानं अशी गाडी केली होती. दोन महिने त्यांच्या पोर्चमध्ये रोज संध्याकाळी खडूच्या रेघा असायच्या. मी चहाच्या निमित्तानं जाऊन बसायचो. गाडी सेकंदाला पाव मीटर पळायची. २० मीटर जायचं तर ८० सेकंद लागणार, हे पाचवीतलं गणित. पण दोन सेकंदांची चूक झाली की गाडी अर्धा मीटर इकडे नाहीतर तिकडे. त्यात पाणी लादलं की वेग उतरतो, मग ८० सेकंद पुरत नाहीत. फरशीवर वेगळं, सिमेंटच्या कोब्यावर वेगळं. तिच्या वहीत दीडशेच्या वर चाचण्या लिहिलेल्या मी स्वतः पाहिल्या. प्रत्येकीपुढे तारीख, वजन, किती ग्रॅम, किती सेकंद, किती सेंटिमीटर चुकलं. कॉलेजचं जर्नल पोरं एकमेकांचं बघून उतरवतात हे आपण सगळे जाणतो. ही वही उतरवून चालली नसती, कारण दुसऱ्याच्या आकड्यावर आपली गाडी थांबत नाही.

त्यांना एक गोष्ट फार छळायची, ती म्हणजे आपली थंडी. निफाडचा पारा दर हिवाळ्यात पेपरात येतो, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा सांगून. रासायनिक क्रियेचा एक ढोबळ नियम आहे: तापमान दहा अंशांनी वाढलं की वेग साधारण दुप्पट. उलट दहा अंशांनी उतरलं की निम्मा. आता बघा. दुपारी २८ अंशांत तुम्ही गाडी ८० सेकंदांवर बसवली, आणि सकाळी ८ अंशांत पळवली. वीस अंशांचा फरक. म्हणजे वेळ चौपट, ३२० सेकंद. वीस मीटरवर थांबायची गाडी ऐंशी मीटरवर जाणार, शाळेच्या फाटकातून बाहेर हायवेकडे! पोरांनी मग थर्मामीटर आणला, द्रावणाची भांडी कोमट पाण्यात ठेवायला सुरुवात केली, सकाळचा तक्ता वेगळा आणि दुपारचा वेगळा केला. बारावीच्या पुस्तकात केमिकल कायनेटिक्स नावाचा धडा आहे. पोरं त्यातली गणितं घडाघडा सोडवतात. पण तापमान म्हणजे काय चीज आहे, ते या पोरीला पोर्चमध्ये कळलं.

कुणी म्हणेल, हे सगळं पुण्या-मुंबईच्या पोरांचं. मला तर वाटतं, आपल्या पोरांना हे जास्त लवकर जमेल. द्राक्षवाल्या घरातलं पोर बघा. पीपीएम हा शब्द त्याला शाळेच्या आधी माहीत होतो. जीएचं द्रावण किती पीपीएमचं करायचं यावरून बाप आणि चुलता भांडताना त्यानं ऐकलेलं असतं. बोर्डो मिश्रण करताना एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी, हे त्याला पाठ असतं. मोरचूदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात ओतायचं, उलटं नाही, हेही. आणि मिश्रण जमलं का बघायला विळा किंवा लोखंडी पातं बुडवतात. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, अजून घाला. हा शुद्ध रसायनशास्त्राचा प्रयोग आहे, आणि तो आपल्याकडे बागेच्या बांधावर होतो. पण शाळेच्या प्रयोगशाळेत तेच पोर बाटलीला हात लावत नाही. बऱ्याच ठिकाणी बाटल्यांवरची लेबलं कधीच गळून पडली आहेत, आणि प्रयोगशाळेची किल्ली कुणाकडे आहे हे शोधायला अर्धा तास जातो. सरांनाही दोष देत नाही. एका सरांकडे तीन वर्ग, मदतनीस नाही, आणि काही सांडलं-लागलं तर जबाबदारी त्यांचीच.

मोजण्याची सवय या गावाला नवी नाही. वाघाडच्या कालव्याच्या शेपटाला असलेलं हे गाव. पाणी पोचायचंच नाही. बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी समाज परिवर्तन केंद्राच्या माध्यमातून शेतकऱ्यांना एकत्र केलं, पाणी वापर संस्था उभ्या केल्या, आणि पाणी घनमापानं, म्हणजे मोजून घ्यायला लावलं. महात्मा फुले, जय योगेश्वर, बाणगंगा ही त्या संस्थांची नावं आजही घेतली जातात. बाहेरून लोक ते बघायला ओझरला येतात. दुसरीकडे एचएएल. १९६४ पासून इथं विमानं बनतात. मिग-२१ पासून सुखोईपर्यंत, आणि १७ ऑक्टोबर २०२५ ला इथं बनलेलं पहिलं तेजस मार्क-१ए आपल्या डोक्यावरून उडालं. गावभर स्टेटस लागले होते. ज्या गावात मिलिमीटरच्या शतांश भागासाठी पार्ट रिजेक्ट होतो, त्या गावच्या शाळेतल्या प्रदर्शनात थर्माकोलला पहिला नंबर मिळावा, हे मला तरी पटत नाही.

सरकार काही करत नाही असंही नाही. अटल टिंकरिंग लॅबसाठी निवडलेल्या शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. इन्स्पायर-मानक योजनेत निवडलेल्या विद्यार्थ्याला प्रकल्पासाठी १० हजार रुपये मिळतात. चांगलंच आहे. पण तिथं गेलात की थ्रीडी प्रिंटर, सेन्सर, रोबोटिक्सचे किट. रसायनशास्त्र त्यात औषधालाही नाही. रसायन म्हणजे घाण, वास, धोका. कोडिंग म्हणजे स्वच्छ. पालकांनाही तेच आवडतं. मग हीच पोरं मोठी होऊन जातात कुठं? सातपूर, अंबड, सिन्नर, दिंडोरीच्या एमआयडीसीत. कोटिंग, प्लेटिंग, औषधं, रंग, प्लास्टिक. ऑपरेटर म्हणून, हेल्पर म्हणून, सुपरवायझर म्हणून. रसायन टाळून जाणारं पोर शेवटी रसायनाच्याच टाकीपाशी उभं राहतं, फक्त तयारीशिवाय.

माझा खरा मुद्दा इथं आहे, आणि म्हणूनच ही पोस्ट. ७ मे २०२० च्या पहाटे विशाखापट्टणमला एलजी पॉलिमर्सच्या टाकीतून स्टायरिनची वाफ बाहेर पडली, झोपेतली माणसं मेली. टाकीतलं स्टायरिन थंड ठेवायला हवं होतं. लॉकडाऊनमध्ये ते पडून राहिलं, तापत गेलं, आणि क्रिया स्वतःच्याच उष्णतेनं वाढत गेली. २३ मे २०२४ ला डोंबिवली एमआयडीसीतल्या केमिकल कारखान्यात स्फोट झाला, आजूबाजूच्या इमारतींच्या काचा फुटल्या. प्रत्येक वेळी चौकशी होते, तीन दिवस चॅनलवर चर्चा होते, मग आपण विसरतो. क्रिया सुरू करणं कुणालाही जमतं. कोणत्या तापमानाला ती हाताबाहेर जाते, किती माल असला की ती आवरत नाही, आणि ती कशानं थांबते, हे माहीत असलेला माणूस रात्रपाळीला त्या टाकीपाशी हवा. दहा अंशांनी वेग दुप्पट होतो हे ज्यानं स्वतःच्या गाडीवर पाहिलंय, तो टाकीवरचा तापमानाचा काटा वेगळ्या नजरेनं बघतो. माझ्या कामाच्या काळात मी अशी पोरं पाहिली आहेत, जी आम्लात पाणी ओतायला निघाली होती. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही, हे त्यांनी परीक्षेत लिहिलेलं होतं. हाताला माहीत नव्हतं.

म्हणून या स्पर्धेतला एक नियम मला सगळ्यात मोलाचा वाटतो. गाडी पळवण्याआधी प्रत्येक संघाला सुरक्षेची कागदपत्रं द्यावी लागतात. कोणतं रसायन, किती, सांडलं तर काय, डोळ्यात गेलं तर काय, उरलेलं कुठं टाकणार. तपासणी होते. त्यात नापास झालेली गाडी, कितीही भारी असली तरी, रेषेवर येत नाही. आपल्या कारखान्यांत सेफ्टी वीकला बॅनर लागतो, शपथ घेतात, फोटो निघतो. इथं वीस वर्षांच्या पोरांना कळतं की कागद पूर्ण नसेल तर खेळायलाच मिळणार नाही.

आता "शाळेतल्या पोरांच्या हातात केमिकल देणार का?" हा प्रश्न येणारच, आणि तो रास्त आहे. कॉलेजच्या स्पर्धेचे नियम शाळेला जसेच्या तसे लावायचे नाहीतच. माझ्या मते शाळेसाठी सुरुवातीला गाडी साध्या पेन्सिल सेलवर चालू द्या, फक्त थांबवणं रसायनानं. अंतर पाच ते दहा मीटर. व्हिनेगरपेक्षा कडक आम्ल नाही. पेरॉक्साइड मेडिकलमध्ये जखमेसाठी मिळतं तेच, तीन टक्क्यांचं. आग नाही. आणि एक गोष्ट ठाम: बंद बाटलीत वायू कोंडायचा नाही. यूट्यूबवर सोडा-व्हिनेगरची बूच लावलेली रॉकेटं आणि गाड्या खूप दिसतात. पोरांना मजा वाटते, पण दाबाखालची बाटली तोंडावर फुटली की डोळा जातो. ते स्पर्धेत नको म्हणजे नको. चष्मा, म्हणजे सेफ्टी गॉगल, सगळ्यांना, बघायला उभ्या असलेल्यांनाही.

खर्चाचं म्हणाल तर दोन पोरांच्या एका गाडीचा हिशेब मी मांडून बघितला. खेळण्यातली मोटर, चार चाकं, एलडीआर, ट्रान्झिस्टर, दोन प्लास्टिकची भांडी, औषधं. हजार रुपयांच्या आत बसतं. तयार मॉडेल आणायला पालक याहून जास्त देतात. महाग लागतो तो काटा, ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा. तो प्रत्येक पोराला नको, शाळेला एक पुरे. सोनाराकडे किंवा द्राक्षाच्या औषधाच्या दुकानात असतोच, आठवडाभर मागून आणला तरी चालेल.

आणि गुणांपैकी निम्मे चाचणीच्या वहीला द्या. गाडी रेषेपासून दोन मीटर चुकली, पण वहीत चाळीस प्रामाणिक चाचण्या आहेत आणि का चुकली ते पोराला सांगता येतंय, तर त्याला बक्षीस मिळायला हवं. मामानं करून दिलेली गाडी आपोआप बाद होते, कारण अंतर अर्धा तास आधी चिठ्ठी काढून सांगणार. मामा तिथं नसणार.

एचएएलमधल्या, निवृत्त झालेल्या आणि अजून कामावर असलेल्या मंडळींना एक विनंती. तुमच्यात इन्स्पेक्शनला आयुष्य काढलेली माणसं आहेत. शनिवारी दोन तास शाळेत येऊन पोरांना मोजायला आणि मोजलेलं लिहायला शिकवा. कंपनीच्या सीएसआरमधून गॉगल आणि काटे मिळाले तर उत्तमच, पण त्यासाठी थांबून राहू नका. नाशिकच्या ज्या इंजिनिअरिंग कॉलेजांत केमिकलची शाखा आहे, तिथली दोन-चार पोरं आपली गाडी घेऊन आली आणि एकदा प्रात्यक्षिक दाखवलं, तर आपल्या पोरांना वेगळं समजावायला लागणार नाही. "निमा"सारख्या उद्योजकांच्या संघटनांनीही बघावं. उद्या त्यांच्याच टाक्यांपाशी ही पोरं उभी राहणार आहेत.

ज्या शाळा तयार असतील, त्यांनी येत्या जानेवारीत एक रविवार ठरवावा. सकाळी आठला नको, उन्हं वर आल्यावर दहाला ठेवा, नाहीतर थंडीत सगळ्यांच्याच गाड्या फाटकाबाहेर जातील. मैदानाची आखणी मी करून देतो. फक्की, दोरी आणि ३० मीटरची टेप माझ्याकडे आहे.